खाऱ्या तळ्याची ओटी

शैलाला न कळणारी गोष्ट जगात नाही, असं तिचा नवरा रविंद्र चारचौघांत म्हणायचा. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते त्यालाच ठाऊक. पण खोटं नव्हतं ते. कालगुर्लीत नव्याने आलेल्या मराठी जोडप्याला भाड्याचं घर हवं असो, कुणाच्या बाळाचा ताप उतरत नसो, कुणाला भगर कुठल्या दुकानात मिळते ते विचारायचं असो, शैलाकडे उत्तर तयार. विचारलं नाही तरी तयार. आणि हीच बाई गेलं जवळजवळ वर्षभर नुसती भांबावून फिरत होती. चहात साखरेऐवजी मीठ घालायचं तेवढं बाकी राहिलं होतं. कारण काय, तर एका कोरड्या तळ्यावर उमटलेले तिच्याच पायांचे ठसे.

हे नीट सांगायचं तर लोणारपासून सुरुवात करायला हवी. शैला तिथली. आकाशातून दगड पडून झालेलं ते प्रचंड विवर, तळाशी खारं पाणी, पाण्याकाठी कमळजादेवीचं देऊळ, आणि तिथेच ती सासू-सुनेची विहीर, जिचं एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारट. यातली सासूची बाजू कुठली, हे शैलाला लग्न झाल्यावर आपोआप कळलं. आईचं बोट धरून ती विवर उतरायची, आई देवीची ओटी भरायची, आणि तो कुजकट खारा वास नाकात घेऊन दोघी धापा टाकत वर यायच्या. पुढे औरंगाबादला लॅब टेक्निशियनचं शिक्षण, पुण्याच्या रविंद्रशी लग्न, त्याला ऑस्ट्रेलियातल्या खाणीत नोकरी. कालगुर्ली हे सोन्याच्या खाणीचं गाव, आणि गावाला लागूनच एवढा मोठा खड्डा खणलेला, की त्याच्या तळातले ट्रक वरून खेळण्यातले वाटावेत. म्हणजे बाई विवराच्या काठावरून निघाली आणि खड्ड्याच्या काठावर येऊन टेकली. नशीब म्हणतात ते हेच.

तिथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती रक्त काढायची. गावात मराठी घरं होती, पण टिकणारी नव्हती. खाणीतली पोरं दोन-तीन वर्षं काढायची आणि पर्थला पळायची. शैला जीव लावायची, डबे द्यायची, आणि मग विमानतळावर हात हलवून यायची. शेवटी तिने जीव लावणंच बंद केलं. तेव्हा मर्ल आंटी भेटली.

मर्ल ही तिथल्या मूळ लोकांतली, साठी उलटलेली, जाडजूड, कमी बोलणारी बाई. दूरदूरच्या वस्त्यांवरून तिच्या लोकांपैकी कुणी हॉस्पिटलात आलं, की त्यांच्यासोबत बसायचं, डॉक्टरचं म्हणणं त्यांना समजावायचं, ही तिची नोकरी. तिला सगळेच आंटी म्हणत, आणि शैलाला ते फार बरं वाटलं. मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला तिची जीभ इतकी वर्षं वळली नव्हती. एकदा मर्लने एका घाबरलेल्या म्हातारीला रक्त द्यायला आणलं. म्हातारी हात पुढे करेना. शैला आपली मराठीतून सुरू झाली, अगं माय, मुंगी चावल्यागत वाटेल बघ, झालं सुद्धा. म्हातारी हसायला लागली. तिला अक्षर कळलं नव्हतं, पण हात तिने दिला. त्या दिवसापासून मर्ल शिफ्ट संपली की शैलाकडे चहाला यायला लागली. आल्याचा चहा, भरपूर साखर, आणि थालीपिठावर लोण्याचा असा गोळा की शैलाच्या सासूने कपाळाला हात लावला असता. शैला बोलायची, मर्ल ऐकायची. तीस वर्षांच्या संसारात आपलं इतकं कुणी ऐकलं नाही, असं शैला रविंद्रच्या देखत म्हणायची.

एका रविवारी मर्ल म्हणाली, चल, तुला माझा मुलूख दाखवते. डांबरी रस्ता संपला, मग लाल मातीचा कच्चा रस्ता, दोन्हीकडे खुरटी झुडपं, तासन्‌तास तेच. मग एक उंचवटा आला, त्यावर चार-दोन वेडीवाकडी झाडं, आणि गाडीतून उतरून शैला पुढे जाऊन बघते तो काय, खाली सगळं पांढरंफेक. नजर पोचेल तिथपर्यंत मिठाचा थर पसरलेला, मधूनच गुलाबी झाक, आणि लांबवर जमीन कुठे संपते नि आभाळ कुठे सुरू होतं ते कळायला मार्ग नाही. पाण्याचा थेंब नाही. मर्लने सांगितलं, फार फार पूर्वी इथून नदी वाहायची, आता तिची नुसती तळी उरलीत, एकापुढे एक. काही वर्षांनी कधी मोठा पाऊस झाला तर हे तळं भरतं, पक्षी येतात, आणि मग पाणी जातं. कुठे जातं? कुठेच नाही. समुद्राला मिळत नाही, उन्हातच संपतं. नकाशावर त्या तळ्याला कुणा गोऱ्या साहेबाचं नाव आहे. मर्ल वेगळंच नाव घेते, पण ते इथे लिहीत नाही.

वारा फिरला आणि तो वास आला. कुजकट, खारा. शैलाला एकदम रडूच फुटलं. मग डोळे पुसून तिने मर्लला लोणारची गोष्ट सांगितली, अगदी साग्रसंगीत. लवणासुर कसा मातला, जमिनीखाली कसा दडून बसला, विष्णूने पायाच्या अंगठ्याने वरचं झाकण कसं उडवलं, आणि त्या दैत्याच्या रक्तामासाचं हे पाणी नि हे मीठ. सांगून झाल्यावर ती थांबली. आता आंटीची पाळी, नाही का? आपल्याकडे देवस्थानाला जा, रसवाला, चपला सांभाळणारा, कुणीही न विचारता माहात्म्य ऐकवतो. मर्ल म्हणाली, गोष्ट आहे, पण ती तुला सांगायची नाही. आणि खाली आम्ही जात नाही.

का, म्हणून शैलाने विचारलं. मर्ल म्हणाली, नाही जात. शैलाने मग सरळच विचारलं, की खाली देवी आहे का? मर्ल म्हणाली, "जरा हळू बोल."

झालं. शैलाने निकाल देऊन टाकला. हळू बोल कुठे म्हणतात? गाभाऱ्यात. म्हणजे देवी आहेच. पण गोष्ट सांगत नाहीत ती कसली देवी, हे काही तिला उमजेना. मनातल्या मनात तिने ठरवून टाकलं, की आंटी दमली असेल, सांगेल सावकाश.

पुढच्या उन्हाळ्यात तिची मुलगी मैथिली पर्थला बाळंत व्हायची होती. ऐन वेळी तिचं ब्लड प्रेशर चढलं, डॉक्टरांची धावपळ सुरू झाली, आणि कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या शैलाने नवस बोलला. कमळजामाय, पोरगी मोकळी होऊ दे, तुझी ओटी भरीन. पोरगी मोकळी झाली. नात झाली, गोरीगोमटी, रडकी. आता नवस फेडायला हवा. रजा तर बाळंतपणात संपलेली. लोणारला भावाला फोन केला तर तो म्हणाला, यंदा तळ्याचं पाणी चढलंय, देवळापाशी जाता येत नाही. वहिनीने मागून सुनावलं, की नवस बोलेल त्यानेच फेडायचा असतो, आमच्यावर ढकलू नका.

मग शैलाच्या डोक्यात ते आलं. तुम्हाआम्हाला यात काही वावगं वाटणार नाही, हीच तर गंमत आहे. आपण बादलीभर पाण्यात गंगा-यमुनांना बोलावतो आणि त्या येतात. गावोगावी प्रति-काशी असते. मग जिथे खारं पाणी तिथे कमळजा, यात चुकलं काय? पर्थच्या गुरुजींना विचारलं, तर ते दुसऱ्या फोनवर असताना म्हणाले, भाव महत्त्वाचा. रविंद्रने मात्र आपली शंका काढली, की तिथे जायला बंदी वगैरे नाही ना. त्याने ऑफिसात नकाशा पाहिला. तळं कुठल्याच खाणीच्या लीजमध्ये नव्हतं. म्हणाला, कुणाचं नाहीये, नो वरीज.

मर्लला विचारावं, असं एकदा शैलाच्या मनात येऊन गेलं. पण विचारलं नाही. खाली आम्ही जात नाही, याचा अर्थ तिने असा लावला, की त्यांच्या लोकांचा तो नेम असेल. आपल्यातही कुठे बायका जात नाहीत, कुठे पुरुष जात नाहीत. आणि उंचवट्यावर उभं राहून लांबून ओटी भरता येते का कुठे? ती पदरातच घालावी लागते.

सुपरमार्केटातला नारळ गुळगुळीत तासलेला, शेंडीचा पत्ता नाही. शैलाने त्याची माफी आधीच मागून ठेवली. ठेवणीतला हिरवा खण काढला, तांदूळ, सुपारी, हळकुंड, हिरव्या बांगड्या. सकाळी निघाली दोघं. रविंद्र गुडघ्यांमुळे गाडीपाशीच थांबला. उंचवट्याखाली आल्यावर शैलाने चपला काढल्या, देवीकडे चपला घालून कसं जाणार, आणि अनवाणी चालायला लागली. वरचा मिठाचा पापुद्रा पायाखाली मोडत होता, खालचा चिखल बोटांत घुसत होता. बरीच आत गेल्यावर तिने खण पसरला, ओंजळीने ओटी भरली, हळदीकुंकू वाहिलं आणि नमस्कार केला. देवीच्या ओटीतलं थोडं परत घ्यायचं असतं, म्हणून तांदळाबरोबर मिठाचा एक खडाही तिने रुमालात बांधला. नातीची दृष्ट काढायला होईल. इतकं शांत तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. परतीच्या वाटेवर तिने रविंद्रला आरतीसुद्धा म्हणायला लावली.

कोरड्या तळ्याची गंमत तिला ठाऊक नव्हती. तिथे पावसाखेरीज पुसणारं कुणी नाही. उमटलेला ठसा वर्षानुवर्षं तसाच राहतो.

काही आठवड्यांनी मर्ल लॅबमध्ये आली. बसली नाही. फोन पुढे केला, त्यात फोटो. पांढऱ्यावर काळपट ठशांची जाणारी-येणारी ओळ, आणि टोकाला हिरवा ठिपका. मर्लने तो खण शैलाच्या कपाटात पाहिलेला होता, हातात घेऊन गालाला लावला होता. शैला घाईघाईने समजावायला लागली, की आंटी, मी काही वाईट नाही केलं, मी तर मान दिला, चपलासुद्धा काढल्या. मर्ल ऐकत राहिली, नेहमीसारखी. मग म्हणाली,

"मी तुझ्यावर चिडलेली नाही. पण तुला तिथे मी नेलं होतं. माझ्या घरचे मला विचारतायत, ते पाय कुणाचे. मी काय सांगू?"

शैलाला उत्तर सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. मग म्हणाली, मी जाते, सगळं उचलून आणते, ठसे पुसून येते. मर्ल म्हणाली, तू पुन्हा चाललीस की ठसे दुप्पट होतील. ते खरंच होतं. शैला खुर्चीत बसली आणि विचारलं, की मग मी काय करू, दंड काय, प्रायश्चित्त काय, उपास करू का, काय ते सांग. मर्ल म्हणाली, मला माहीत नाही. मोठ्या माणसांना विचारावं लागेल. थांब.

आणि चहाला यायची ती बंद झाली.

आता थांबणं हा शैलाच्या स्वभावातला शब्दच नव्हे. चूक झाली तर चुकीला उतारा असतो, हे तिचं गणित. सत्यनारायण घाला, ब्राह्मणाला जेवू घाला, नाक घासा, पण काहीतरी करा आणि मोकळे व्हा. इथे करायचंच काही नव्हतं. कॉरिडॉरमध्ये मर्ल समोरून आली की हसायची, पण थांबायची नाही. ते हसणं साधं होतं की तुटकं, यावर शैला दिवसच्या दिवस काढायची. नवस फिटला की नाही, तेही कळेना. ओटी नेमकी कुणाच्या पदरात पडली? कमळजेच्या, की जिचं नावही आपल्याला सांगितलं नाही तिच्या? आणि तिला नको असेल तर? देवघरात तो मिठाचा खडा वाटीत ठेवला होता. सकाळी तिला तो प्रसाद वाटायचा म्हणून ती त्याला कुंकू लावायची, आणि संध्याकाळी चोरीचा माल वाटायचा म्हणून त्यावर झाकण घालायची. मैथिलीला तिने तो दिलाच नाही. मैथिली फोनवर म्हणाली, आई, तू सॉरी म्हण आणि सोडून दे ना. सॉरी म्हणून झालं होतं. त्याने काही हललं नव्हतं.

रविंद्रने एक तोडगा काढला. खाणीत ड्रोन आहे, त्याला आकडा लावून खण वरच्या वर उचलू, पायही लागायला नको. इंजिनिअर माणूस, त्याला वाटलं प्रश्न सुटला. शैलाने त्याला असं झापलं की तो दोन दिवस गॅरेजमध्येच रमला. पण खरं सांगायचं तर ती स्वतःशीही भांडत होती. मी कुणाचं काय ओरबाडलं? तांदूळ वाहिले ना, काही खणलं तर नाही. गावाशेजारी खाणवाल्यांनी एवढा डोंगर उलटा केलाय, तिथे कुणी विचारत नाही. मग दुसऱ्या क्षणी तिला आठवायचं, की लोणारला एकदा कुणी पाहुणा बूट घालून गाभाऱ्यात शिरला होता, तेव्हा तिच्या आईला दिवसभर जेवण गेलं नव्हतं. पाहुण्याचा भाव चांगलाच होता. आपल्या मनातला कुठला राग खरा आणि कुठला नाही, हे तिला सांगता येईना. एवढंच कळायचं, की चारच्या सुमाराला गॅसवर चहा उकळतो आणि तो प्यायला कुणी येत नाही. त्या चहाने तिचा जीव तुटायचा.

हिवाळा लागला तेव्हा मर्ल लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, रविवारी माझी मावशी येतेय तळ्यावर, तू ये. काय आणू, असं शैलाने विचारलं. फळं, साडी, पैसे, काही? मर्ल म्हणाली, तू ये.

शैलाने वाटीतला खडा रुमालात बांधून घेतला. त्या दिवशी दोघी गाडीने निघाल्या. उंचवट्यावर झाडाखाली घडीच्या खुर्चीत एक खूप म्हातारी बाई ब्लँकेट लपेटून बसली होती. शैला जवळ गेली आणि तिला ओळख पटली. मुंगी चावल्यागत वाटेल म्हणत जिचं रक्त काढलं होतं, तीच ही. म्हातारीला ते आठवत होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. ती खाली बघत होती. खाली ठसे होते, जसेच्या तसे. खण उन्हाने विटून पांढुरका झाला होता, नारळ कलंडला होता. स्वतःची पावलं इतक्या लांबून बघताना शैलाला ती दुसऱ्याच कुणा बाईची वाटली, फार तोऱ्यात चालत गेलेल्या.

म्हातारीने इंग्रजीत विचारलं, "कुणाचे पाय ते?"

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट विचारतेय, हे शैलाला समजलं. तिने मर्लकडे पाहिलं. मर्ल तळ्याकडे बघत होती. तेव्हा शैलाच्या लक्षात आलं, की इतके महिने हे उत्तर मर्लनेच दिलं असणार, प्रत्येकाला, दोष स्वतःवर घेऊन.

"माझे," शैला म्हणाली. "खाली जात नाहीत, हे हिने सांगितलं होतं. मी गेले."

म्हातारीने मान हलवली. शैलाने रुमाल सोडून खडा पुढे केला. त्याला अजून कुंकू लागलेलं होतं. म्हातारीने तो घेतला, नाकापाशी नेला आणि ब्लँकेटच्या आत ठेवून दिला. ठीक झालं की वाईट, तोंडावरून काही कळेना. मग तिने विचारलं, की तुझं पाणी कुठलं?

शैलाच्या ओठांवर लवणासुर येऊन उभा राहिला. विष्णू, अंगठा, झाकण, सगळं. आणि ती अडखळली. हे सांगायचं असतं की नाही, कुणाला, कुठे, आपल्याला कधी कुणी हे शिकवलंच नाही, असं तिला पहिल्यांदा वाटलं. ती हळू आवाजात एवढंच म्हणाली, "लोणार."

"लोनार," म्हातारी म्हणाली. मग तळ्याकडे तोंड करून मोठ्याने, हाक मारावी तसं, आपल्या भाषेत बोलायला लागली. बराच वेळ बोलली. त्या सगळ्यात शैलाला दोनच शब्द कळले. एक स्वतःचं नाव आणि दुसरं लोणार. वारा नव्हता. खालून काही उत्तर आलं नाही, निदान शैलाला ऐकू आलं नाही.

परतताना तिने मर्लला विचारलं, मावशी काय म्हणाली? तक्रार केली की ओळख करून दिली? मर्ल म्हणाली, ते तिला सांगितलं, तुला नाही. मग मला माफ केलं का? मर्ल म्हणाली, ठसे जाईपर्यंत मावशी येईल तेव्हा तूही यायचंस. कुणी विचारलं, तर तू सांगायचंस. पाऊस कधी पडेल, असं शैलाने विचारलं. पडेल तेव्हा, मर्ल म्हणाली.

नवस फिटला का, ते शैलाला अजून माहीत नाही. पावसाचा पत्ता नाही, आणि ती तिसऱ्यांदा जाऊन आली आहे. गावातल्या नव्या मराठी पोरांनी काही विचारलं, तर हल्ली ती चक्क मला माहीत नाही म्हणते, आणि रविंद्र चमकून बघतो.

मावशी भेटली त्या रविवारी परतताना डांबरी रस्ता लागला. गावाचे दिवे दिसायला लागले तेव्हा मर्लने विचारलं, "चहाला आलं आहे का घरी?"

"आहे," शैला म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड फिरवून हमसून हमसून रडली.